जुन्या मारुती ८०० ची वायरिंग : प्रकल्प नोंदी

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

वडिलांनी १९९८ मध्ये घेतलेली आमची मारुती ८०० हल्ली महिन्यातून एकदोनदाच शेडमधून बाहेर पडते. गेल्या शनिवारी पाडव्याला आईला जोतिबाच्या दर्शनाला नेले होते. परतताना अंधार पडला म्हणून हेडलाइट लावले आणि दहा-बारा मिनिटांत डॅशबोर्डखालून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन दिवे बंद केले तसा वास कमी झाला. स्टिअरिंगखालच्या स्विचच्या आवरणाला हात लावला तर चटका बसला. पुढे न जाता गाडी एका ओळखीच्या घरी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी उजेडात घरी आणली. त्या रात्री आम्ही तसेच पुढे रेटले असते तर काय झाले असते, हा विचार आठवडाभर मनातून गेलेला नाही.

पॉलिटेक्निकमध्ये शिकणारी माझी भाची शनिवार-रविवारी आमच्याकडे असते. तिला सोबत घेऊन गाडीची पुढच्या भागातली सगळी वायरिंग तपासायची, हेडलाइटला रिले (लहान करंटने चालणारा आणि मोठा करंट जोडणारा स्विच) बसवायचे आणि नंतर जोडलेली उपकरणे काढून टाकायची, असे आज ठरवले. कामाइतक्याच काळजीने या नोंदीही ठेवणार आहे, कारण पुढे जो कोणी हे बोनेट उघडेल त्याला आत काय केले आहे आणि का केले आहे ते कळायला हवे.

कामाला हात लावण्याआधी एक गोष्ट भाचीला समजावून सांगितली. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही, त्यामुळे गाडीतल्या विजेला कोणी वीज म्हणून मोजतच नाही. घरात साधा बटणाचा बोर्ड उघडायचा तरी मेन स्विच पाडणारा माणूस गाडीत मात्र जोडलेल्या बॅटरीवर बेधडक वायरी सोलत बसतो. पण बॅटरी ज्या क्षणी शॉर्ट होते त्या क्षणी ती काहीशे अँपिअर ओतू शकते, आणि तेवढ्या करंटपुढे वायर, पाना आणि बोटातली अंगठी यांत काही फरक उरत नाही. या गाडीत आपल्याला झटक्यापेक्षा जपायचे आहे ते भाजण्यापासून आणि आगीपासून.

रविवार, १० नोव्हेंबर

आजचे काम फक्त बॅटरी सोडवण्याचे होते, तरी त्यात दीड तास गेला.

शेडची दोन्ही दारे उघडी ठेवली. हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, चावी काढून घरात खुंटीला लावली. पेट्रोलची नळी जुनी होऊन टोकाशी तडकली होती. वायरिंगला हात लावण्याआधी ती बदलून घेतली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचून राहते आणि लांबच्या ठिणगीनेही पेटू शकते. अर्धा किलोचे कोरड्या पावडरचे अग्निशामक दारापाशी ठेवले, कारण गाडीपाशी ठेवले तर आग लागल्यावर ते घ्यायला आगीकडेच जावे लागते. पाण्याची बादली हाताशी होती ती ॲसिड उडाले तर धुण्यासाठी. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारायचे नाही, हे भाचीला आधीच सांगून ठेवले. बोनेटखालून धूर येत असेल तर बोनेट एकदम सताड उघडू नये, आत हवा जाऊन आग भडकते, हेही सांगितले.

मग अंगावरचे धातू काढले. मी घड्याळ आणि अंगठी काढली, तिने बांगडी आणि गळ्यातली साखळी काढली. तिला हे जास्त वाटले, म्हणून माझ्या डाव्या मनगटावरचा व्रण दाखवला. वीसएक वर्षांपूर्वी एका ओळखीच्या गाडीचे धन टर्मिनल आवळताना माझ्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा पाना आणि शेजारची पट्टी यांच्यामध्ये अडकला. झटका बसला नाही, आवाजही फारसा झाला नाही, पण पट्ट्याच्या दोन कड्या लाल झाल्या आणि घड्याळ काढेपर्यंत कातडी भाजून निघाली. त्या कड्यांचे दोन चौकोनी डाग अजून दिसतात. तिने काही न बोलता कानातलेही काढून ठेवले.

टर्मिनल सोडवताना ऋण बाजू आधी आणि जोडताना ऋण बाजू शेवटी, हा क्रम अनेकांना पाठ असतो, पण त्याचे कारण समजून घेतले तर तो विसरला जात नाही. या गाडीची ऋण बाजू बॉडीला जोडलेली आहे, म्हणजे गाडीचा सगळा पत्रा हाच बॅटरीचा ऋण ध्रुव आहे. धन टर्मिनलवर १० चा पाना लावला असताना त्याचे दुसरे टोक मडगार्डला टेकले की बॅटरी थेट शॉर्ट होते. ऋण बाजूचा नट खोलताना मात्र पाना पत्र्याला टेकला तरी काहीच होत नाही, कारण दोन्ही एकाच बाजूचे आहेत. ऋण वायर एकदा निघाली की धन बाजूच्या पान्याला शॉर्ट करायला वाटच उरत नाही. तरीही पान्याच्या दांड्यावर मी टेप गुंडाळून ठेवतो. सोडवलेल्या ऋण वायरीचे टोक जुन्या सायकल ट्यूबच्या तुकड्यात घालून बाजूला बांधले, म्हणजे ते आपोआप परत टर्मिनलला टेकणार नाही.

ऋण वायर उचलताना बारीकशी ठिणगी दिसली. सगळे बंद असताना ठिणगी पडायला नको, म्हणजे कुठेतरी वीज झिरपत होती. वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर जोडून पाहिले तर १८० मिलिअँपिअर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या हिशेबाने आठ दिवसांत रिकामी होते. ‘गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते’ ही वडिलांची जुनी तक्रार होती, तिचे मूळ हातात आले. असे मीटर जोडलेले असताना सेल्फ मारायचा नाही, दिवेही लावायचे नाहीत, कारण मीटरच्या त्या खाचेची मर्यादा १० अँपिअरची असते.

बुधवार, १३ नोव्हेंबर

बॅटरी १२.१ व्होल्टवर होती, पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास दाखवते. व्हरांड्यात, उघड्या हवेत ती चार्जिंगला लावली. ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअर म्हणजे दहावा हिस्सा, त्यापेक्षा घाई केली नाही. चार्जरच्या क्लिपा आधी बॅटरीला लावायच्या आणि मग चार्जरचे बटण चालू करायचे. काढताना आधी बटण बंद. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की ठिणगी पुरते. क्लिप ओढताना पडणारी ठिणगी नेमकी त्या वायूच्या तोंडाशी पडते. बॅटरी फुटते ती अशी, आणि तिच्यासोबत ॲसिड तोंडावर उडते.

आई संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावते. तुळस व्हरांड्यापासून चार हातांवर आहे, म्हणून त्या वेळी चार्जर बंद केला. खंडेनवमीला आणि दसऱ्याला गाडीची पूजा करताना लोक बोनेट उघडून बॅटरीशेजारी उदबत्ती खोचतात, तेही मला पाहवत नाही. पूजा मनोभावे करावी, पण उदबत्ती गाडीसमोर जमिनीवर लावावी.

डिस्टिल्ड वॉटर भरताना दोघांनीही चश्मे घातले होते. टर्मिनलवर साचलेली हिरवट-पांढरी बुरशी खायचा सोडा पाण्यात कालवून धुतली. बूच घट्ट बसलेले आहेत याची आधी खात्री केली, कारण सोडा आत गेला तर ॲसिडच मारले जाते.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज स्विचचे आवरण उघडले आणि वासाचे कारण डोळ्यांसमोर आले.

हेडलाइटचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा सांधा, सहा पिनांचा आहे. पाच पिना पांढऱ्या प्लास्टिकमध्ये स्वच्छ बसलेल्या होत्या. सहाव्या पिनेभोवतीचे प्लास्टिक चहाच्या रंगाचे होऊन मेणासारखे ओघळले होते, आणि पिनेत शिरणाऱ्या वायरीचे आवरण दोन इंचांपर्यंत कडक होऊन बोटांत चुरा होत होते. भाचीने विचारले, ‘‘मामा, वायर जळली तर मग फ्यूज का नाही गेला?’’ प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचे उत्तर दोन भागांत होते.

पहिला भाग हिशेबाचा. हेडलाइटचे मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. दोन्ही बाजूंचे डिपर (खाली झुकलेला उजेड) मिळून ११० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर. आमच्या गाडीत कोणीतरी १००/९० चे बल्ब घातले होते, म्हणजे डिपरलाच १५ अँपिअर. जुनी, सैल झालेली पिन घ्या आणि तिच्या सांध्याचा रोध फक्त ०.१ ओहम धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध, या शाळेतल्या सूत्राने १० अँपिअरला त्या पिनेत १० वॅट उष्णता तयार होते आणि १५ अँपिअरला साडेबावीस वॅट. बारीक सोल्डरिंग आयर्न जितके तापते तितकी ती पिन बंद प्लास्टिकच्या आत तापत राहते. या सगळ्यात करंट वाढलेला नसतोच, उलट थोडा कमीच झालेला असतो, म्हणून फ्यूजला काही कळत नाही. सैल सांध्यापासून फ्यूज वाचवत नाही. तिथे हात आणि डोळेच लागतात.

दुसरा भाग वाचून कोणालाही वाईट वाटावे असा आहे. फ्यूजच्या पेटीत दिव्यांच्या जागी झाकणावरच्या तक्त्याप्रमाणे कमी क्षमतेचा फ्यूज असायला हवा होता. तिथे हिरवा फ्यूज होता. पात्यांच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा आणि हिरवा ३० चा असतो. मोठे बल्ब घातल्यावर मूळ फ्यूज वारंवार जाऊ लागला असणार, आणि कोणीतरी ‘आता जाणार नाही’ असा घालून दिला. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी नसतो, तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. वायर जेवढे पेलते त्याच्या आत फ्यूज वितळायला हवा. तीस अँपिअरचा फ्यूज आणि दहा-पंधरा अँपिअरची वायर अशी जोडी झाली की वायर हाच फ्यूज होतो, आणि तो गाडीच्या आत, रेक्झिनला आणि गालिच्याला चिकटून वितळतो. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेले फ्यूजही मी पाहिले आहेत.

पुढच्या बंपरवर बसवलेल्या फॉगलाइटची वायर शोधत गेलो तर ती थेट बॅटरीच्या धन टर्मिनलवर पोहोचली. मध्ये फ्यूज नाही, रिले नाही. घरातल्या बल्बला वापरतात तसली बारीक वायर, रेडिएटरच्या पट्टीच्या उघड्या कडेवरून नेलेली, आणि त्या कडेवर तिचे आवरण निम्मे कापले गेलेले. उरलेले निम्मे आवरण एखाद्या खड्ड्याच्या हादऱ्याने कापले गेले असते तर चावी बंद असतानाही, रात्री शेडमध्ये उभ्या गाडीत, ती वायर पेटली असती. हे काम ज्या गॅरेजात झाले तिथे वडिलांनी विश्वासाने गाडी दिली होती आणि पैसेही पुरते मोजले होते, याचा मला आज फार राग आला.

१८० मिलिअँपिअर खाणारी वस्तूही सापडली. दहा वर्षांपूर्वी लावलेला चोरीचा अलार्म, ज्याचा भोंगा केव्हाच बंद पडला होता पण पेटी मात्र जागी होती. तो मुळासकट काढला. इंजिनाच्या मागच्या बाजूला घुशीने नारळाच्या शेंड्या आणि चिंध्या आणून घरटे केले होते आणि दोन वायरी कुरतडल्या होत्या; सुदैवाने त्या वायपरच्या होत्या आणि तांबे उघडे पडलेले नव्हते. घरटे पूर्ण काढले, कारण वाळलेल्या शेंड्या म्हणजे तयार सरपणच.

रविवार, १७ नोव्हेंबर

उद्यमनगरात जाऊन खरेदी केली. अडीच चौरस मिलिमीटरची गाडीच्या कामाची वायर, चार पिनांचे दोन रिले, पाण्यापासून बंद असलेले दोन फ्यूज होल्डर, वायरीच्या टोकाला बसणारे तांब्याचे थिंबल, उष्णतेने आवळणारी नळी, पत्र्याच्या भोकात बसणारे रबरी ग्रोमेट आणि ६०/५५ चे दोन बल्ब. तिथल्या ज्या जुन्या वायरमन काकांकडे मी सल्ल्याला जातो त्यांनी वायरीचे टोक सोलून तारा मोजून दाखवल्या. बारीक तारा जितक्या जास्त तितकी वायर हादरे सोसते. घरगुती जाड तारेची वायर इंजिनाच्या थरथरीने सांध्याशी तुटते. ‘‘साहेब, वायर दिव्याला बघून घ्यायची, आन् फ्यूज वायरीला बघून,’’ असे ते म्हणाले, आणि ते वाक्य मी घरी येताच फळ्यावर लिहून ठेवले.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दिवसभर टेबलावर काम केले. जेवढे सांधे टेबलावर होतील तेवढे तिथेच करायचे, कारण बोनेटमध्ये वाकून, अपुऱ्या उजेडात केलेला सांधा कधीच तितका पक्का होत नाही.

वायर सोलताना एकही तार कापली जाऊ नये, याला भाचीने बराच वेळ दिला. सातआठ टोके वाया गेली, ती जाऊ दिली. थिंबल खास पकडीने आवळले, प्रत्येक सांधा हाताने जोरात ओढून पाहिला. जो हलला तो कापून पुन्हा केला. दोन वायरी नुसत्या पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत सर्रास चालते, पण इंजिनाच्या उष्णतेने टेपचा गोंद पातळ होतो, टेप सरकते आणि पीळ उघडा पडतो.

रिलेची जोडणी अशी : ३० क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर, ८७ वरून बल्बकडे जाणारी वायर, आणि ८५ व ८६ मध्ये रिलेची कॉइल. डिपर आणि अपर (लांबवर पडणारा उजेड) यांना वेगवेगळा रिले आणि प्रत्येकाला १५ अँपिअरचा निळा फ्यूज. डिपरचा फ्यूज गेला तरी अपर शिल्लक राहतो आणि रात्री घाटात गाडी एकदम आंधळी होत नाही. दोन्ही फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत येतील असे ठेवले आहेत, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरीचे रक्षण कोणीच करत नाही. आता जुन्या स्विचमधून दिव्यांचा ९-१० अँपिअर करंट न जाता फक्त रिलेच्या कॉइलचा, पाव अँपिअरहून कमी करंट जाईल.

इथे एक सावधगिरी लिहून ठेवतो. अनेक जपानी घडणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या ऋण बाजूला असतो, म्हणजे बल्बला धन वीज कायम मिळते आणि स्विच फक्त परतीचा रस्ता जोडतो. पिनेवर वीज दिसते म्हणून ती ‘स्विचकडून आलेली’ आहे असे धरून चालले तर जोडणी उलटी होते. आम्ही कॉइल जुन्या सॉकेटच्याच दोन पिनांमध्ये घेतली, त्यामुळे स्विच कोणत्याही बाजूला असला तरी रिले नेमका ओढला जातो.

रविवार, २४ नोव्हेंबर

वायरी गाडीत बसवल्या. एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनाचा तापलेला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांपासून, वीतभर दूर, पंख्याच्या पात्यांपासून आणि पट्ट्यापासून दूर, आणि पत्र्यातून जिथे जाते तिथे ग्रोमेट. सगळी वायर घडीच्या नळीत घालून दर वीतभर अंतरावर बांधली. बांधताना इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये वायरीला थोडी ढील ठेवली, कारण इंजिन सेल्फ मारताना आणि रेस केल्यावर जागचे हलते.

अर्थची जागा निवडायला जास्त वेळ लागला. रंगावर आवळलेला स्क्रू म्हणजे अर्थ नव्हे. रंग खरवडून पत्रा चकचकीत केला, थिंबल आवळले आणि वरून ग्रीस लावले, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही. कच्ची अर्थ असली की करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो, कधी क्लचच्या केबलमधून, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि त्या केबली तापून अडकतात.

बुधवार, २७ नोव्हेंबर

शेजाऱ्यांनी आमचे काम पाहून त्यांच्या नव्या गाडीत हॉर्न आणि दिवे बदलून देण्याची विनंती केली. त्यांना नम्रपणे नकार दिला. त्यांच्या गाडीत एअरबॅग आहेत. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावला तरी एअरबॅग उडू शकते, आणि बॅटरी सोडवल्यावरही कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबावे लागते, कारण आतल्या कॅपॅसिटरमध्ये वीज राहिलेली असते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या नारंगी केबलींना तर मी बोटही लावणार नाही. त्यांत काहीशे व्होल्ट डी.सी. असतात, आणि तिथे मी पहिल्या दिवशी लिहिलेले ‘झटका जाणवत नाही’ हे वाक्य मुळीच लागू नाही. त्या कामाला १००० व्होल्टचे तपासलेले हातमोजे आणि रीतसर प्रशिक्षण लागते.

शनिवार, ३० नोव्हेंबर

वीज देण्याचा दिवस. नवी वायरिंग थेट बॅटरीला जोडायची नाही, हे आधीच ठरले होते. इंडिकेटरचा २१ वॅटचा जुना बल्ब होल्डरमध्ये घालून तो बॅटरीचे ऋण टर्मिनल आणि ऋण वायर यांच्यामध्ये जोडला. वायरिंगमध्ये कुठेही शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण तेजाने लागतो, आणि त्यातून पावणेदोन अँपिअरहून जास्त करंट जाऊच शकत नाही, म्हणजे वायर तापण्याआधीच चूक कळते. पंधरा-वीस रुपयांत इतके रक्षण दुसऱ्या कशात मिळत नाही.

सगळे फ्यूज काढून जोडले : बल्ब बंद. पेटीतला एकेक फ्यूज बसवत गेलो : बल्ब बंद. डिपरच्या रिलेचा निळा फ्यूज बसवला आणि बल्ब लख्ख लागला.

भाचीने लगेच फ्यूज ओढला. कागदावर जोडणी बरोबर होती, मीटरनेही काल सारे बरोबर दाखवले होते. रिले सोडवून पाहिला तेव्हा त्याच्या पट्टीखाली नवी वायर चेपलेली दिसली. आज सकाळी पट्टीचा स्क्रू शेवटचा आवळला तेव्हा पट्टीची धार आवरणात शिरली होती, आणि त्या चिरेत तांब्याचा एकच केशरी ठिपका दिसत होता, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा. फ्यूज होता म्हणून आग लागली नसती, पण ती चीर अर्धवट राहिली असती तर पहिल्या पावसात उघडी पडली असती. वायरीचा तो तुकडा टेप न लावता पूर्ण बदलला, पट्टीची धार कानशीने घासली, तिच्याखाली रबर दिले. पुन्हा जोडल्यावर बल्ब बंद राहिला. मगच तो काढून ऋण वायर टर्मिनलवर आवळली.

रविवार, १ डिसेंबर

इंजिन चालू करून तपासणी. गाडी शेडबाहेर काढली, कारण बंद जागेत धूर साचतो. भाचीने ओढणी घरात ठेवली, केस बांधले. मी बाह्या दुमडल्या. रेडिएटरचा पंखा तापमानाच्या स्विचवर चालतो आणि कोणतीही सूचना न देता फिरू लागतो, म्हणून त्याच्या जवळ हात न्यायचाच नाही असे ठरवले. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या वायरी यांत हजारो व्होल्ट असतात. तिथे झटका खरोखर बसतो आणि त्या दचक्याने हात पट्ट्यात जाऊ शकतो. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने चालू इंजिनावर वाकू नये, हे आमच्या काकांना आठवणीने सांगितले आणि त्यांना लांब खुर्ची दिली.

इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चालतो का हे पाहायला चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढून पाहण्याची पद्धत अजून अनेक ठिकाणी दिसते. ती अल्टरनेटरआधीच्या डायनमोच्या काळातून आलेली आहे. अल्टरनेटरच्या गाडीत बॅटरी निघताच व्होल्टेज क्षणभर अनेक पटींनी उसळते, आणि डायोड, रेग्युलेटर, म्युझिक सिस्टिम यांतले काहीतरी जळते. आम्ही मीटर लावला : बॅटरीवर १३.९ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नीट.

मग दिवे. काम सुरू होण्याआधी चालू इंजिनात डाव्या बल्बच्या सॉकेटवर ११.६ व्होल्ट मिळत होते, आज १३.४ मिळाले. मोठे बल्ब काढून मूळ वॅटचे घातले, तरी भिंतीवरचा प्रकाश पूर्वीपेक्षा पांढरा आणि जास्त आहे. उजेड कमी पडतो म्हणून लोक मोठे बल्ब घालतात, आणि उजेड मात्र वायरीतच गळत असतो, हे इतक्या स्पष्टपणे मीही पहिल्यांदा पाहिले.

रविवार, ८ डिसेंबर

सगळे बंद करून झिरपणारी वीज पुन्हा मोजली : १४ मिलिअँपिअर, तीही म्युझिक सिस्टिमच्या घड्याळाची.

संध्याकाळी दिवे लावून चाळीस मिनिटे गाडी चालवली. घरी आल्यावर इंजिन बंद केले, चावी काढली आणि भाचीने एकेक सांध्याला हाताची पाठ लावून पाहिली : स्विचचा कपलर थंड, दोन्ही फ्यूज होल्डर थंड, रिले कोमट, अर्थचे थिंबल थंड. रिले कोमट असणे ठीक आहे, त्याची कॉइल तेवढी तापतेच. वायरिंगची आकृती आणि कोणत्या जागी किती अँपिअरचा फ्यूज याचा तक्ता तिने स्वच्छ अक्षरात काढला. एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून बोनेटच्या आतल्या बाजूला लावली, दुसरी फ्यूजच्या पेटीच्या झाकणामागे. सोबत दोन लाल आणि दोन निळे जास्तीचे फ्यूज ठेवले आहेत. हिरवा फ्यूज गाडीत ठेवलेला नाही.